राणीच्या बागेत पेंग्विनच्या आधी काय पाहाल?

मागच्या अंकात गोरखचिंचेवर (म्हणजे बाओबाबवर) लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: ‘मुंबईत राणीच्या बागेत जाऊन जो फक्त पिंजरे बघून येतो, त्याचं तिकीट अर्धं वाया गेलं.’ त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही रागावलेली आहेत, काही आठवणींनी भरलेली. म्हणून या महिन्यात कुंडीतल्या मावा किडीचे आणि पिवळ्या पडलेल्या कढीपत्त्याचे प्रश्न बाजूला ठेवते. तुळस सुकतेय म्हणून लिहिणाऱ्या तिघींनी महिनाभर धीर धरावा. पाणी कमी घाला, एवढं आत्ताच सांगते.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत दोन नातवंडांना घेऊन पेंग्विन बघायला जाणार आहोत. तुम्ही झाडं बघा म्हणता. पण आठ-दहा वर्षांच्या पोरांना झाडात काय रस असणार? आणि बघायचीच तर नेमकी कुठली? एका दिवसात जाऊन येणं जमेल का?
— एक आजोबा, इंदिरानगर, नाशिक

पेंग्विन जरूर दाखवा, माझं त्यांच्याशी वैर नाही. 2016 साली दक्षिण कोरियातल्या सोलहून ते आले आणि पुढच्या वर्षीच्या मार्चपासून लोकांना बघायला मिळाले. जात हम्बोल्ट, मूळ घर चिली-पेरूचा किनारा. काचेपलीकडे थंडगार हवेत ते मजेत पोहतात, पोरं नाक काचेला लावून उभी राहतात आणि मागची रांग ढकलत असते. वीस मिनिटांत खेळ आटोपतो.

खरी गंमत त्यानंतर आहे. ही बाग आधी झाडांची होती, जनावरं मागाहून आली. पश्चिम भारताच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीला 1835 साली शिवडीला वनस्पतिबागेसाठी जमीन मिळाली होती. पुढे ती जागा सरकारला गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी हवी झाली, म्हणून 1861मध्ये बागेचं बिऱ्हाड माझगाव-भायखळ्याकडे हललं. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नरची बायको लेडी फ्रियर हिच्या हस्ते बाग उघडली आणि नाव पडलं व्हिक्टोरिया गार्डन्स. सोसायटी डबघाईला आल्यावर 1873 साली बाग मुंबई महापालिकेकडे आली. 1890च्या सुमारास पंधरा एकर वाढवून तिथे प्राणिसंग्रहालय बसवलं. म्हणजे वाघ-अस्वलं येण्याआधी जवळजवळ तीस वर्षं मुंबईकर तिथे निव्वळ झाडांखाली फिरायला जात होते. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, तरी भायखळा स्टेशनबाहेर कुणालाही ‘राणीची बाग’ विचारा, हात त्याच दिशेला जाईल.

मी चिंचपोकळीच्या चाळीत वाढले. आमच्या घरून ही बाग चालत जाण्यासारखी. पुढे वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले ते कॉलेजातल्या सुकवलेल्या नमुन्यांपेक्षा या बागेमुळेच, असं मला वाटतं. तेव्हा माझा पक्षपात गृहीत धरा.

पोरांना ही तीन झाडं दाखवा. चौथ्याला ती ‘भूक लागली’ म्हणतील.

पहिलं कैलासपती. दक्षिण अमेरिकेचं झाड. पोरांना विचारा, फूल कुठे येतं? फांदीच्या टोकाला, असंच ती सांगणार. मग या झाडापुढे उभं करा. इथे फुलं थेट खोडातून फुटलेल्या लोंबत्या काड्यांवर येतात, गुलाबी-शेंदरी, आत पिंडीवर फणा धरल्यासारखी पुंकेसरांची रचना. त्याच खोडावर नारळाएवढी तपकिरी गोळ्यांसारखी फळं टांगलेली असतात. खाली पडून फुटलेलं फळ दिसलं तर वास घ्यायला सांगा. आयुष्यभर विसरणार नाहीत. फुलाचा सुगंध आणि फळाची दुर्गंधी एकाच खोडावर, आणि पोरांना दुर्गंधीच जास्त आवडते, हा माझा शिक्षकी अनुभव आहे.

दुसरी गोरखचिंच. आफ्रिकेची. अरब व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली असावी असं मानतात. डिसेंबरात तिची पानं झडत आलेली असतील, ते चांगलंच, कारण त्यामुळे खोडाचा घेर नीट दिसतो. पोरांना हात धरून खोडाला कवेत घ्यायला लावा. तिची मोठी पांढरी फुलं पावसाळ्याच्या तोंडाला संध्याकाळी उमलतात आणि सकाळपर्यंत मान टाकतात. परागीभवनाचं काम वटवाघळं करतात. फुलं लांब देठावर खाली लोंबती का, याचं उत्तर यात आहे: उडत आलेल्या वटवाघळाला फांद्यांचा अडथळा नको. हे पोरांना सांगू नका, विचारा. माझ्या अनुभवात दहा वर्षांची पोरं उत्तर शोधतात, मोठी माणसं शोधत नाहीत.

तिसरं झाड तुमच्यासाठी. उर्वशी. ब्रह्मदेशातलं. 1820च्या दशकात इंग्रजांच्या नजरेस पडलं आणि तेव्हाच्या गव्हर्नर जनरलच्या बायको-मुलीवरून त्याला ॲमहर्स्टिया हे शास्त्रीय नाव दिलं. लाल फुलांचे लांब घोस, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. कोवळी पालवी तर इतकी मलूल, तांबूस लोंबते की झाड आजारी आहे असं वाटावं. बहराचे दिवस हिवाळा सरताना. नाताळात तुमचं नशीब असेल तर एखादा घोस दिसेल, नसेल तर ती पालवी तरी बघा. भारतात हे झाड फार थोड्या ठिकाणी नीट वाढलेलं आहे आणि बिया धरण्याच्या बाबतीत अतिशय कंजूस आहे.

एका दिवसात सहज जमतं. नाशिकहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडा, दादरला उतरून लोकलने भायखळा, तिथून पूर्वेला चालत. आरक्षण आधी करा, नाहीतर पासवाल्यांच्या मधे इगतपुरीपर्यंत एका पायावर उभं राहावं लागेल. संध्याकाळच्या पंचवटीने परत. एक मात्र सांभाळा: बुधवारी बाग बंद असते, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही.

प्रश्न : माझे वडील सांगायचे की घारापुरीचा दगडी हत्ती इंग्रजांनी राणीच्या बागेत आणून ठेवला. ही दंतकथा की खरं?
— सातपूरच्या एक वाचक

खरं. घारापुरीच्या बेटावर धक्क्याजवळ हा एकसंध दगडी हत्ती उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1814 साली त्याची मान आणि डोकं गळून पडलं. 1864मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना यारी (क्रेन) तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणले गेले आणि 1914 साली पुन्हा जुळवून हत्ती उभा केला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही आहे. सांधे नीट बघितले तर दिसतात.

काळा घोडाही इथेच आला. म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, जो फोर्टात उभा होता आणि ज्याच्यावरून त्या भागाला नाव पडलं. 1965 साली तो हलवून बागेत ठेवला. राणी व्हिक्टोरियाचा पुतळाही तिथेच. साम्राज्य गेल्यावर त्याचे पुतळे कुठे ठेवायचे हा प्रश्न मुंबईने ‘झाडांमागे’ असा सोडवला, आणि मला तो उपाय फार शहाणा वाटतो. फोडले नाहीत, मिरवलेही नाहीत.

संग्रहालयाला तासभर द्या. 1872 साली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलं. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकरांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. 1975मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. मधे फार दुरवस्था झाली होती. मोठी दुरुस्ती होऊन 2008 साली ते पुन्हा उघडलं. जुन्या मुंबईच्या माणसांच्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत, त्या चुकवू नका. पगड्यांचे प्रकार मोजायला मुलांना गंमत येते.

प्रश्न : मॅडम, तुम्ही सांगता ती सगळी झाडं परदेशी आहेत. एकीकडे आम्ही देशी झाडं लावा म्हणून मोहिमा काढतो आणि तुम्ही इंग्रजांनी आणलेल्या झाडांचं कौतुक करता. ती का जपायची?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, पंचवटी

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा ताणून उत्तर देते.

राणीची बाग वसवणाऱ्या त्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचा हेतू निव्वळ हवा खाणं हा नव्हता. परक्या मुलखातली रोपं आणून इथल्या मातीत रुजतात का बघायचं, रुजली तर वाटायची, हा त्या काळच्या बागांचा उद्योग होता. यात साम्राज्याचा फायदा बघणं होतंच, ते झाकायचं कारण नाही. पण परदेशी म्हणून तू काय काय फेकणार? तुझ्या मिसळीतला बटाटा, मिरची आणि टोमॅटो दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून आलेले. पेरू आणि सीताफळ तिकडचेच. गुलमोहर मादागास्करचा. आणि ज्या द्राक्षावर आपला जिल्हा उभा आहे, त्या थॉमसन सीडलेसचं कुळ सह्याद्रीत शोधून सापडणार नाही.

तरीही तुझ्या मोहिमेशी माझं भांडण नाही. भांडण जागेचं आहे. पांडवलेणीच्या डोंगरावर कुणी गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावायला निघालं तर मी तुझ्याबरोबर आडवी येईन. डोंगरउतारावरचं गवत, करवंद, बोर, पळस यांच्यावर किती किडे-पाखरं जगतात हे तू पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात एक सकाळ घालवलीस तरी कळेल. तिथे सुबाभूळ म्हणजे घुसखोर. वनस्पतिबागेतली उर्वशी मात्र दीडशे वर्षांत कुंपण ओलांडून कुठे गेली नाही. तिथली झाडं जपायची ती शिकण्यासाठी. एकाच आवारात आफ्रिका, ब्रह्मदेश, ब्राझील आणि आपला सीता-अशोक शेजारी शेजारी दिसतात, आणि शेंगेच्या कुळातलं फूल कसं ओळखायचं हे शिकवायला मला दुसरी इतकी सोयीची जागा माहीत नाही.

देशी-परदेशी हा प्रश्न ‘आलं कुठून’ यावर संपवू नकोस. ‘इथे येऊन काय करतं’ हे विचार. घाणेरीने जंगलं गिळली, शेवंतीने नाही. दोन्ही पाहुण्याच.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून कैलासपतीचं रोप आणून गच्चीवर ड्रममध्ये लावलं. पानं भरपूर, फुलाचं नाव नाही. नर्सरीवाला आता उर्वशीचं रोपही देतो म्हणतो, बाराशे रुपये. घेऊ का?
— गंगापूर रोड

ड्रममध्ये कैलासपती! अहो, तो वाढला तर तीन मजले उंच जातो. बियांपासूनच्या रोपाला फुलं यायला बरीच वर्षं लागतात, तीही मुळं खोल गेल्यावर. ड्रममध्ये तो जगेल, फुलणार नाही. सोसायटीच्या आवारात मोकळी जागा असेल तर पाऊस सुरू होताच जमिनीत लावा. मात्र गाड्या उभ्या करायच्या जागेपासून आणि मुलं खेळतात तिथून लांब. ते फळ टपावर पडलं की पोचा येतो, डोक्यावर पडलं तर बोलायलाच नको. पहिले दोन-तीन हिवाळे रात्री गोणपाट गुंडाळा. मधूनच सगळी पानं एकदम गाळून तो बोडका होईल. घाबरून खत ओतू नका, थोड्या दिवसांत नवी पालवी येते.

उर्वशी घेऊ नका. तिला बारा महिने दमट, उबदार हवा लागते. मुंबईत दोन मीटरच्या वर पाऊस आणि समुद्राची वाफ आहे. नाशिक सहाशे मीटर उंचीवर, पाऊस मुंबईच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, आणि हिवाळ्यात निफाडकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवायची वेळ येते. वर एप्रिलमधली कोरडी झळ. बाराशे रुपयांत सीता-अशोकाची चार चांगली रोपं येतील. तोही उर्वशीच्याच कुळातला, त्याची फुलं जुन्या फांदीवर येतात, आणि अर्ध्या सावलीत पाणी दिलं तर आपल्याकडे छान टिकतो. फक्त ‘अशोक’ म्हणून तो उंच सरळसोट आसुपालव गळ्यात मारून घेऊ नका. पानं चुरून बघत बसू नका, सरळ फुललेलं रोपच मागा.

प्रश्न : आमच्या वसाहतीतल्या जुन्या बागेत ‘सुशोभीकरण’ होणार आहे. फरशी, कारंजं, खुली व्यायामशाळा. मधे एक प्रचंड पर्जन्यवृक्ष आणि तीन वड आहेत, त्यांचं काय होणार कुणी सांगत नाही. राणीची बाग वाचवली तशी ही वाचवता येईल का? आम्ही सात-आठ बायका आहोत, रोज संध्याकाळी तिथे बसतो.
— नाशिकरोड

सात-आठ बायका पुरे आहेत.

राणीच्या बागेचं सांगते. 2007च्या सुमारास तिथे आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचा मोठा, शेकडो कोटींचा आराखडा आला. त्यात जुन्या झाडांवर आणि बागेच्या मूळ आखणीवर गदा येणार हे दिसताच काही नागरिक उभे राहिले, त्यांत पुढे बायकाच होत्या. ‘सेव्ह राणी बाग’ या नावाने ते काम चाललं. त्यांनी घोषणा दिल्या असतील, पण वजन पडलं ते त्यांच्या नोंदींचं. कुठलं झाड, कुठल्या जातीचं, कुठे उभं. तीन हजारांच्या वर झाडं, अडीचशेच्या वर जाती. बाग वारसा यादीत असल्यामुळे वारसा समितीपुढे तो विषय गेला, तिथे आक्षेप निघाले आणि मूळ आराखडा बारगळला. पुढे बदललेल्या रूपात काम झालंच, पेंग्विन त्यातलेच. म्हणजे सगळं जिंकलं असं नाही. पण जुनी झाडं उभी राहिली.

तुम्हीही आधी मोजा. एक शिवणकामाची टेप, एक वही. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर, म्हणजे साधारण तुमच्या छातीशी, खोडाचा घेर घ्या. झाडाला क्रमांक द्या (वहीत, खोडावर रंग फासू नका आणि खिळा तर मुळीच ठोकू नका). हाताने नकाशा काढा: पाण्याची टाकी, फाटक, झाड नं. 1. प्रत्येकाचा पूर्ण फोटो, खोडाचा फोटो, पानाचा फोटो, तारखेसह.

मग कायदा. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975चा कायदा आहे. 2021च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ मानलं जातं आणि त्याला जास्त संरक्षण आहे. झाड तोडायचंच ठरलं तर त्याचं वय जितकी वर्षं, तितकी नवी झाडं लावायची अट आहे. तुमचं खरं काम म्हणून वय सिद्ध करणं. इथे एक खाच आहे. पर्जन्यवृक्ष झपाट्याने वाढतो, त्याचा घेर बघून कुणी पन्नास म्हणेल आणि तो तिशीतला निघेल. वडाच्या पारंब्या खोडात मिसळतात, त्यामुळे त्याचाही घेर फसवतो. म्हणून टेपवर विसंबू नका. वसाहतीतल्या जुन्या लोकांकडे लग्नाचे, मुंजीचे, गणपतीचे फोटो मागा. मागे ते झाड दिसत असेल आणि फोटोवर साल असेल, तर त्याच्याइतका बोलका पुरावा नाही. बाग कधी झाली त्याची कोनशिला असेल तर तिचाही फोटो.

महापालिकेला ठराविक काळाने वृक्षगणना करावी लागते. तुमच्या बागेची पानं माहितीच्या अधिकारात मागवा आणि वहीशी ताडून बघा. तोडायची परवानगी मागितली गेली तर झाडावर नोटीस लावावी लागते, वर्तमानपत्रातही द्यावी लागते. मुदत थोडकी असते, म्हणून रोज संध्याकाळी बसायला जाता तेव्हा एकीने खोडांभोवती चक्कर मारायची. हरकत लेखीच द्या, झाडाच्या क्रमांकासह. फोनवरचं बोलणं कुठेच नोंदलं जात नाही.

आणि फरशीचं विसरू नका. झाड तोडलं नाही पण बुंध्यापर्यंत काँक्रीट आणलं तर ते पाच-सात वर्षांत आपोआप वाळतं आणि मग ‘धोकादायक’ म्हणून काढता येतं. मी हे एकाहून जास्त ठिकाणी झालेलं पाहिलं आहे. म्हणून आराखडा बघायला मागा आणि प्रत्येक बुंध्याभोवती निदान एक मीटर उघडी माती, वडाला त्याहून जास्त, असं त्यावर लिहूनच घ्या. वडाच्या पारंब्या ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून छाटतात, त्याला सुरुवातीलाच हरकत घ्या. त्या पारंब्या जमिनीत जाऊन उद्या फांदीचा भार पेलणार असतात. मी पर्जन्यवृक्षाच्या पसाऱ्याखालीही कुणाला बाक काढायला सांगणार नाही, पण पावसाळ्यापूर्वी वाळक्या फांद्या जाणत्या माणसाकडून उतरवून घ्या. त्याची फांदी कधी कधी वारा नसतानाही कोसळते.

अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, आणि ती प्रत बागेत नाही, घरी कपाटात ठेवा.